नापास चादरींवर

वहीत पहिलं नाव गुंटुकांचं.
मी गेलो तेव्हा राजमणी उंबऱ्यात बसली होती,
मांडीवर सूप, सुपात तंबाखू.
मान वर न करता म्हणाली,
"रविवारी नाही जमायचं, मास्तर.
हजार द्यायचे असतात."

मी मास्तर नाही. सिटी बसवर कंडक्टर होतो, एकतीस वर्षं.
विडी घरकुलातली माणसं मास्तर म्हणतात
कारण माझ्या काखेत वही असते.

फुकट म्हटलं की इथं कुणी येत नाही.
पहिल्या उन्हाळ्यातच कळलं ते:
टेंपो दारात उभा,
आत मी, ड्रायव्हर आणि कलिंगडं.
आता माणशी पाच रुपये घेतो,
जुन्या पंचनं ठक्कन भोक पाडून तिकीट देतो.
तिकीट हातात आलं की माणूस खिडकी मागतो.
टेंपोला खिडकी नसते. तरी मागतो.

शनिवारी पाणी आलं, पाचव्या दिवशी, रात्री दीडला.
घागरी भरून झाल्यावर बायका झोपल्याच नाहीत.
शमशादआपानं राजमणीच्या पानांचा जुडगा उचलला,
"दोनशे माझ्याकडं."
कुणी शंभर, कुणी दीडशे,
बोल्लींच्या नव्या सुनेनं पन्नास,
तिचा हात अजून बसायचाय.
"दोरा घट्ट बांधा गं, चेकर फेकून देईल,"
राजमणी एवढंच बोलली.

टेंपोत खाली नापास चादरी अंथरल्या:
एकीची कड सुटलेली,
एकीवरच्या मोराला चोचच नाही.
त्यांवर तेहतीस माणसं, कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि तुळजापूर नाका ओलांडेपर्यंत
कुणी कुणाशी बोललं नाही,
परीक्षेला निघाल्यासारखे.

हिप्परग्याचं तळं आटून निम्मं झालेलं.
मला वाटलं, आता नावं ठेवतील.
पोरं काठावर थबकली.
एकजण म्हणाला, "एवढं पाणी!
आणि रोज असतं?"

व्यंकटेश गुंटुक बारा तास मागावर असतो.
चार मागांच्या मधे उभं राहून
त्याचं बोलणं म्हणजे ओरडणंच होऊन गेलंय.
घरात मीठ मागतो ते तिसऱ्या गल्लीत ऐकू जातं.
बाभळीखाली बसून तो ओरडला, "भाकरी काढ!"
दोन बगळे उडाले.
ते पलीकडच्या काठाला उतरेपर्यंत तो बघत राहिला.
मग बऱ्याच वेळानं लेकीला
तेलुगूत काहीतरी सांगितलं,
इतकं हळू, की ती म्हणाली,
"नान्ना, परत एकदा."
तो परत म्हणाला.
मला ऐकू आलं नाही.
मी कलिंगड कापायला घेतलं.

राजमणी पाण्यात पाय सोडून बसली होती.
हजार घरी ठेवून आलेली, हात रिकामे,
पण पदराचं टोक बोटांत धरून
वळायची, मुडपायची, सोडायची,
पुन्हा वळायची.
सृजना तिच्या शेजारी येऊन बसली.
आईचा हात तिनं धरला,
चालत्या बसमधे दांडी धरतात तसा.

रात्री हिशेब लिहिला.
जमा: एकशे पासष्ट.
डिझेल एका टॉवेलवाल्याचं,
नाव सांगू नका म्हणाला, म्हणून इथं नाही.
बर्फ. एका पोराच्या पायात काच, त्याची पट्टी.
टेंपोत सापडलेलं: लाल चप्पल, एक, डाव्या पायाची.

चौथ्या दिवशी भर दुपारी सृजना आली,
आईच्या मोठ्या चपला फटफटवत.
मी लाल चप्पल पुढं केली.
तिनं पाहिली, घेतली नाही.
"राहू दे तुमच्याकडं.
पुढच्या खेपेला लागेल."

एसटी फलाटाला लागली की
माणसं खिडकीतून रुमाल टाकतात, जागा धरायला.
एकतीस वर्षांत मी
कुणाचा रुमाल उचलला नाही.

चप्पल वहीवर ठेवलीय.