इसार

आमच्या गावातून एक रस्ता निघतो,
त्याचं नावच वेंगुर्ला रोड.
पंचावन्न वर्षं त्याच्यावर दूध आणलं, पंक्चर काढलं,
हिंडलग्यापर्यंत जाऊन परत आलो.
नावाच्या शेवटी पाणी आहे
हे ध्यानात आलं भागीदारीचे पैसे सुटल्यावर.

मग सुळगा, तुरमुरी, बाची.
शिनोळीला पाट्यांची लिपी बदलली.
आंबोलीत मालनने कानात कापूस घातला,
आणि दुपारी अडीचला, शिरोड्याच्या अलीकडे,
रेडकर एजंट फाटकाशी उभा
किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत.

चिऱ्याचं घर. सहा माड, एक विहीर,
विहिरीत कासव.
"ता घरावांगडाच येतला," रेडकर म्हणाला.
मागच्या पडवीतून समुद्र दिसत नव्हता,
ऐकू येत होता,
शेजारी कुणी पत्र्यावर वाळू ओतत असावं तसा.

सातबारा त्याने माझ्या हातात दिला.
मी तो वाचला.
इतकंच. वाचला.
क्षेत्र, आकार, पोटखराबा, खातेदाराचं नाव,
कुणाला हाक न मारता.

शहापुरातल्या माझ्या स्वतःच्या घराचा उतारा
शेजारच्या हिरेमठ बाई वाचून दाखवतात.
त्या ओळीखाली बोट सरकवत जातात,
मी मान हलवत जातो,
नाव आलं की थांबून म्हणतात, हे तुम्ही.
बाई चांगल्या. कधी कंटाळल्या नाहीत.
चहाही त्यांचाच.

पण त्या पडवीत वाटलं, घ्यावं.
एक तरी कागद असावा
ज्यात आपण आपल्याला सापडतो.

रेडकरने आकडा सांगितला.
मी मालनकडे बघितलं,
आणि ती कन्नडात बोलली, ओठ न हलवता,
जशी खडेबाजारात साडीवाल्यापुढे मराठीत बोलते:
"जास्ती आयतु. ब्याड."
"नोडोण," मी म्हणालो.
रेडकर माडांकडे बघत राहिला.
त्याला वाटलं असेल, यांचं काही देवाचं चाललंय.

निघता निघता खिडकीच्या गजावर नख ओढलं.
उद्यमबागेत पस्तीस वर्षं लेथवर काढली,
लोखंड माझ्याशी खोटं बोलत नाही.
वर रंग दिवाळीचा, आत पापुद्रे.
दाराची कडी हातात घेतली तर
अर्धी हातातच राहिली.
ती खिशात टाकली. रेडकरला सांगितलं नाही.

आता इसाराचे पन्नास हजार
कुंद्याच्या रिकाम्या डब्यात आहेत.
नोटांना तुपाचा वास लागलाय.
लेक पुण्याहून विचारते, वर्षातून किती दिवस जाल?
मी कॅलेंडरवर मोजले. एकवीस.
त्यात पाऊस धरला नाही,
लग्नंमुंजी धरल्या नाहीत, गुडघा धरला नाही.
जावई म्हणतो, त्या पैशांची एफडी करा,
व्याजावर हॉटेलात राहा.
हिशेब बरोबर आहे त्याचा.
हॉटेलाच्या विहिरीत कासव नसतं, हे त्याला कसं सांगू?

रेडकर दर मंगळवारी फोन करतो.
घराचं काही बोलत नाही.
कासवाची खुशाली सांगतो.

काल वर्कशॉपात काम नव्हतं.
पितळेचा एक बार पडून होता जुन्या ऑर्डरीतला.
ती तुटकी कडी खिशातून काढली,
माप घेतलं,
आणि सहज, हात चालावा म्हणून, तशी एक केली.
मग दुसरी.
पितळ खाऱ्या वाऱ्याला दाद देत नाही लवकर.
पोरगा म्हणाला, "मालक, काय करूलालाय?"
म्हटलं, काही नाही, झाडलोट कर.

रात्री त्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या,
डाळीच्या भांड्याशेजारी, चकचकीत.
मालनने वाढता वाढता बघितलं.
"किती केलात?"
"चार."
तिने भात वाढला, तूप घातलं,
लोणच्याची बरणी बंद केली.

"दारं पाच आहेत," म्हणाली.
"मागचं न्हाणीचं विसरलात."