उरलेला दगड

टेम्पो मागे घेताना कुंपणाची तार तुटली
आणि टोपच्या खाणीतला काळा दगड
पाचगावच्या आमच्या उतारावर धडाधड उतरला.
अडीच ब्रास.
शेजारचे चौगुले गच्चीतून ओरडले,
"एवढ्यात पेव्हर ब्लॉक झाले असते की ओ!"
झाले असते. लाल-पिवळे, एकसारखे,
बँकेच्या काउंटरमागं बसून
तीस वर्षं मी मोजल्या त्या गड्ड्यांसारखे.

मरगव्वा दोन दिवस कामाला लागलीच नाही.
कडुनिंबाखाली तंबाखू मळत
नुसती बघत राहिली:
फाटकापासून दारापर्यंत मी कशी येते,
गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डावा पाय किती ओढते,
दूधवाला कुठून वळतो,
वाळलेली चादर काढायला मी कुठं वाट सोडते.
यमनाप्पा तोवर सुतकीनं एकेक दगड वाजवायचा.
खणखणीत वाजला तो भिंतीला,
बद्द वाजला तो भरावात.
मी वहीत लिहिलं : दोन रोज, काम शून्य.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चाला बघू."
मी चालले.
"दावायला नका चालू ओ. चाला."
मग मी गॅसवर दूध असल्यासारखी चालले
आणि ती मागून वाकून
प्रत्येक पावलाशी राखेची चिमूट सोडत आली.
एक ठिपका लांब, एक आखूड,
मध्येच एक बाजूला, तुळशीकडे.
त्या राखेवर तिनं चपटे दगड बसवले,
पहारीनं हलवत, टाचेनं दाबून बघत,
पायाखाली डुगडुगला की शिवी हासडत.

उताराच्या कडेला कंबरेएवढी भिंत हवी होती.
मी सिमेंटची सहा पोती आणून ठेवली होती.
तिनं पोत्यांकडं बघितलंसुद्धा नाही.
"ते पाण्याला न्हाई म्हनतंय.
पाण्याला न्हाई म्हनून कसं चालंल?
फटी ठेवतो मी. जाईल की बिचारं."
मग एक दगड उचलून पोराला न्हाऊ घालतात तसा
मांडीवर फिरवत बसली.
"ह्याला तोंड असतंय. बूड असतंय.
आन एक बाजू अशी असती,
ती कुणाला दावायची नसती.
ती आत करायची."

अकरा दिवसांत भिंत उभी राहिली.
एक दगड उरला.
मी म्हटलं, घेऊन जा, उगीच अडगळ.
"ऱ्हाऊ द्या. भिंत मागंल तवा द्या."
आणि कर्नाटकातल्या कुठल्याशा जत्रेला
दोघं निघून गेली.

दिवाळीला प्रणित पुण्याहून आला,
तिसऱ्याच दगडावर ठेचकाळला.
"आई, अंतरं चुकलीत सगळी."
मी चहाचा कप घेऊन
फाटकापर्यंत जाऊन परत आले.
थेंब सांडला नाही.
अंतरं चुकली नव्हती.
ती त्याची नव्हती, एवढंच.

शेडमधल्या सहा पोत्यांचे
ओल लागून आपोआप दगड झाले.
पुढच्या जुलैत डोंगराकडून पाणी आलं,
भिंत सांध्यासांध्यातून पाझरली,
फटीत नेचे उगवले, एक खेकडा राहायला आला.
ऑगस्टमध्ये मात्र खालच्या कोपऱ्यातला
एक दगड सरकून बाहेर पडला
आणि गटारात गेला.
मरगव्वाचा फोन लागत नाही.

उरलेला दगड नळाजवळ होता.
वर्षभर मी त्यावर चपला वाळवल्या.
चौगुले आले, दोघांनी ढकलत कोपऱ्यापर्यंत नेला.
"सिमेंट भरा की भोकात," ते म्हणाले,
आणि जेवायला गेले.

मी पोतं अंथरून बसले आहे.
पाच वेळा फिरवला, सहाव्यांदा फिरवते आहे.
तोंड सापडलंय. बूडही बहुतेक हेच.
कुणाला दाखवायची नसते ती बाजू
अजून हाताला लागत नाही.