डाख

तिसऱ्या कमानीपाशी पडतं. दर वेळी तिसऱ्याच.
यागोदा सांगते : आजोबा, चष्म्यात आधी मुंग्या येतात,
मग काळोख,
मग लांबून गवतात आपटल्याचा आवाज.

मी वूचच्या ट्राम डेपोत चौतीस वर्षं वायरमन.
सहाशे व्होल्टांशी माझं अरेतुरेचं नातं होतं.
हे तर सोळा. चार मोटारी, बाटलीच्या बुचाएवढ्या.
तरी स्टूल ओढलं, काच पुसली, विचारलं :
आधी हे सांग, केव्हा पडत नाही?

घरात तरंगतं तेव्हा नाही.
हळू नेलं तर बॅटरी संपेपर्यंत नाही.
अंगठा पार पुढे रेटला की मात्र.

बॅटरी मोजली. सोळा पूर्णांक आठ. ठणठणीत.
म्हटलं, बसल्या जागी सगळेच ठणठणीत असतात बाई,
डोक्यावर ओझं दे आणि मग तब्येत विचार.
तिने उडतानाचे आकडे पडद्यावर उघडले :
सोळा, साडेपंधरा, चौदा, एकदम नऊ,
पुढे कोरी जागा.

रेमिगियुशची बॅटरी उसनी आणली. तीच कोरी जागा.
मोटारीचे स्क्रू काढून लांबी पाहिली,
लांब स्क्रू आत जाऊन तांब्याला टोचतो. टोचत नव्हता.
कपॅसिटरचे दोन्ही पाय शाबूत.
जुन्या गाडीचा ब्रेकचा बल्ब मी तारेच्या वाटेत बसवला :
डोळा मिचकावला आणि विझला.
पेटलेला राहता तर शॉर्ट, आणि बल्ब नसता तर धूर.
मीटर म्हणालं पीं, सगळीकडे जोडलेलं आहे, पीं.
मीटरला काय, तो चिमूटभर वीज सोडतो
आणि चिमूटभर वीज कुठूनही जाते.
या गावच्या नद्यासुद्धा जातात जमिनीखालून, नळातून,
वर कुणाला पत्ता नाही.

मग मी काळी तार चिमटीत धरली
आणि जराशी वाकवली.

चांगला डाख ओल्या डोळ्यासारखा दिसतो.
हा थिजलेल्या चरबीसारखा. राखाडी, रवाळ,
कडेने केसाएवढी भेग.
लाल तारेचा चकचकीत, तिचा.
काळ्या तारेचा माझा.

फेब्रुवारीत मीच म्हटलं होतं, दे इकडे,
तुझ्या आईच्या जन्माआधीपासून करतोय हे.
डाख गोठेपर्यंत तार हलता कामा नये.
तीन सेकंद.
माझे हात आता तीन सेकंद थांबत नाहीत.

तिने भिंग घेऊन पाहिलं. बराच वेळ.
गॅरेजमध्ये थंडी किती होती तेव्हा, ती म्हणाली.
हो ना, मी म्हटलं, टोक नीट तापलंच नसेल.
भिंग तिने पालथं ठेवलं.

जुनं कथील तिने ओढून काढलं, नवं दिलं.
राळेचा धूर तिच्या भुवयांतून वर गेला.
मी दिवा धरला. दोन्ही हातांनी,
कोपरं टेबलावर रोवून.
एक, दोन, तीन,
मी मोजत होतो, तिला गरज नव्हती.

रविवारी बंद कापडगिरणीच्या मागच्या पटांगणात
तिसरी कमान गेली. चौथी. पाचवीला मी श्वास घेतला.
सातव्या वळणावर ती भिंतीत घुसली,
विटेचा लाल भुगा उडाला.

गवतातून धावत आली, हातात मोडकी फांदी,
लोंबणारा कॅमेरा, आणि हसतेय.
वीज होती आजोबा! आपटेपर्यंत मला सगळं दिसत होतं,
वीट न् वीट!

मी यंत्र उलटं केलं,
काळी तार ओढून पाहिली.
नाही निघाली.