मंगळवार आणि शुक्रवार

सास्काचेवानमधल्या आमच्या गावात बँका दोन:
एक आमची पतपेढी, सभासदांची,
दुसरी मोठी, शहरातली,
जिचं दार हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारीच उघडतं.

आज सोमवार. म्हणून वासिल ह्रिन्चुक माझ्या खिडकीशी,
बुटांवरचा बर्फ तसाच.
घड्या घालून मऊ पडलेला कागद पुढे सरकवतो:
"व्हर्ला, अकरा हजार गेले. कुठे गेले ते सांग."

प्रशिक्षणात मला एक आलेख दिलाय, लॅमिनेट केलेला,
खाली जाऊन वर येणारी रेघ.
तो मी ड्रॉवरमधून काढत नाही.
चाळीस वर्षं यानं धान्यकोठारावर काटा सांभाळला;
भाव पडला म्हणून ट्रकमधला गहू हलका झालेला
यानं कधी पाहिला नाही.

"विकलेस का शेअर?"
"नाही."
"मग अजून तुझेच आहेत. फक्त स्वस्त झालेत."

बाहेर बर्फ काढणारी गाडी रस्ता मोकळा करत जाते,
तिच्या मागे पुन्हा भुरभुर.
"एक्याऐंशी पूर्ण झाली मला," तो म्हणतो.
"वर यायला साधारण किती लागतात?"

मी मुदत ठेवीचा फॉर्म काढते.
साखळीला बांधलेलं पेन
त्याच्या हातापर्यंत पोचत नाही.
मी माझं देते.