कडेनं

मी ब्लाउज शिवते, निलंग्यात, बसस्थानकामागं.
म्हणून टाके मला ऐकू येतात.
हिरव्या पडद्याच्या पलीकडं कात्री ट्रेमध्ये पडली
तेव्हा मी मनात मोजायला लागले,
आता अस्तर,
आता वरचं कापड.

तेवढ्यात नुजहत मॅडम म्हणाल्या,
थांबा, शिवायच्या आधी औषध भरू दे कडेनं.
कडेनं.
हा तर आमच्या मशीनवरचा शब्द.
त्या दोन्ही काठांना सुई घालत गेल्या, सावकाश,
मला फक्त कुणीतरी कणीक चाचपावी तसं कळत होतं.
मग पडद्यावरून डोकावून म्हणाल्या,
सत्यशीला, आठ-दहा तास कातडीला काही कळायचं नाही.
आतली कळ मात्र येईल. ती वेगळी.

चार वाजता पाय परत आले,
आधी अंगठे, मग टाचा, मुंग्या घेऊन.
पोट आलं नाही.
गाऊनवरून हात ठेवला तर
मळून झाकून ठेवलेलं पीठ,
शेजारणीचं.

थोरलीच्या वेळी असलं काही नव्हतं.
शिंक येईल म्हणून मी नाक धरून बसायची.
नणंद हसवते म्हणून तिला वॉर्डाबाहेर काढलं होतं.
लेकरू कुणीतरी आणून छातीशी धरायचं
आणि मी दात आवळून
पंख्याची पाती मोजायची.
तीनच पाती. तरी मोजायची.

आज मी कुशीवर वळले.
माझी मी.
बाळानं ओढलं तशी आत मूठ आवळली गेली,
डोळ्यांत पाणी आलं.
आवळू दे.
पिशवीला तिच्या जागी जायचंय.

आत्याबाई स्टुलावर, मांडीत थर्मास.
संध्याकाळीच सिस्टरला ऐकवून झालं होतं:
दुखल्याबिगर माया येती व्हय?
सिस्टर कुशावर्तानं बीपीचा पट्टा सोडला,
आकडा लिहिला,
पुढच्या खाटेकडं गेली.

रात्री दोनला लाइट गेली.
जनरेटर लागेपर्यंत वॉर्डात नुसती लेकरं ऐकू येत होती.
जागी हायस का?
हो.
कुठवर बधिर हाय गं?

तिचं बोट आलं, खरबरीत, गार.
हितं?
नाही.
हितं?
नाही.
हितं दुखायलंय का?
थोडं.
तिथं बोट थांबलं, मग पुढं सरकलं,
मी खडूनं मापाची रेघ मारते तसं
तिनं माझ्या न दुखण्याची हद्द आखली
या टोकापासून त्या टोकापर्यंत.

लाइट आली तरी हात तिथंच होता.
तुजं आडवं हाय, ती म्हणाली.
माजं उभं. बेंबीपसून खाली.
भूकंपाच्या साली.
तुजा नवरा चार दिवसांचा होता,
आन् खाटा लागायल्या म्हणून आमाला उठवलं.
एका खाटंवर तिघं तिघं आणून टाकायले.
मी लेकराला घेऊन चालत गेले, एस्टीपतूर.
लोकांची घरंच्या घरं गेलती.
टाक्याचं कोण बोलतंय मग.

इतकी वर्षं तिचे ब्लाउज मीच शिवते.
छाती, दंड, मुंडा, गळा, सगळी मापं वहीत आहेत.
त्याच्या खाली टेप कधी गेलाच नाही.

मी थर्मासकडं हात केला,
तिनं डाळीचं पाणी ओतलं, अर्धा कप, फुंकून दिलं.
मग पदर सारखा करत, दुसरीकडं बघत म्हणाली,
ते औषध
जुन्या टाक्याला चालतंय का गं?

मी हसले.
हसून झाल्यावर ध्यानात आलं
की हसता आलं.
ती हसली नव्हती.
स्टूल ओढून तिनं दाराच्या तोंडाशी नेलं
आणि मॅडमच्या राउंडची वाट बघत बसली,
पहाटेचे साडेतीन वाजले होते.