आटवण

गोठ्याच्या खांबाला मुजावर सरांचा कागद,
बुधवारवर शेणाच्या बोटाचा ठसा.
मंगळवार आठ, गुरुवार बारा,
रविवार बत्तीस किलोमीटर,
सोमवार विश्रांती.
सासूबाईंनी चष्मा पुसून वाचला,
म्हणाल्या, ह्यात वैरण कुठं लिवलीया?

खरंच, वैरण कुठंच नव्हती.
पहाटे साडेतीनची धार नव्हती,
रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहणं नव्हतं,
चरवी, फेसाळ पेले, सुट्ट्या पैशांची भांडणं.
रेणुकाचं बीजगणित नव्हतं.
मोगरीचा सराव तर नव्हताच:
पाडव्याला ती पळणार दिराच्या गाडीमागं,
शिंगांना मोरपिसं, गळ्यात घुंगरांचा पट्टा.
रोज थोडं पळवून आणायला हवं तिला.
सायलेन्सर काढलेली गाडी दिराची,
पाय माझे.

आधी मी चोरीच केली.
झोपेतून अर्धा तास, स्वयंपाकातून पाऊण,
लेकीच्या गणितातून एक अख्खं उदाहरण.
माप भरलेलं दिसायचं,
पण दिवसात पाणी घातलेलं.
गवळ्याच्या घरात याला काय म्हणतात
ते सांगायला नको.
धावताना डोक्यात उधारीची वही,
कट्ट्यावर उभी असताना पोटऱ्यांची कुरकुर.
दोन्हीकडे पातळ.

मग एका रविवारी ठरवलं,
आज बिनपाण्याचं.
धारा काढल्या, जाऊबाईला कट्टा सांगितला,
वही घरी ठेवली.
फुलेवाडी, बालिंग्याचा पूल,
गाणी लावून डुलत येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या.
एक ड्रायव्हर ओरडला,
वहिनी, मागं कोण लागलंय का?
म्हटलं, पुढं लागलंय.
कळ्याच्या अलीकडून वळले.
सव्विसाव्या किलोमीटरला पाय बसायचं म्हणाले,
तिथंच गुऱ्हाळ धूर सोडत होतं.
गुळव्यानं उसाच्या पानावर कोमट गुळाचा गोळा दिला,
पैसे घेतले नाहीत,
फक्त बुटांची किंमत विचारली.
मी निम्मी सांगितली.

त्या संध्याकाळी मोगरीच्या पोटाला डोकं टेकवून
मी झोपले.
हात थांबले नव्हते म्हणे.
जागी झाले तेव्हा चरवी भरलेली.

पाडवा झाला. मोगरी अशी पळाली की
सागरमाळावर लोक गाडीकडं बघायचे विसरले.
सरांनी नवा कागद दिला:
बारा, आठ, पाच.
शेवटचे तीन आठवडे कमी करत जायचं.
आणि मला ते जमेना.
इतकी वर्षं कमी कधी केलंय मी?
वाटायचं, साठलेलं सगळं ओसरून जाईल,
एका रात्रीत, गळक्या घागरीसारखं.

एकदा सगळे झोपल्यावर बूट हातात घेऊन निघाले,
रंकाळ्याला एकच फेरी, कुणाला कळणार.
दारात सासूबाई.
मी काहीबाही सांगितलं,
स्नायू, ताकद, सरांचे शब्द.
त्यांनी ऐकून घेतलं.
म्हणाल्या, म्हंजे आटवायचं.

गाभण म्हस दोन महिने आधी आटवतो का न्हाई?
कासंत दूध असतंय, तरी हात लावत न्हाई.
उगं पिळत बसलं तर
रेडकू हाडाचं निपजतंय.
ठेव ते बूट.

सकाळी साडेतीनला उठले
तर चरवी जागेवर नव्हती.
एकाहत्तराव्या वर्षी, उकिडवं बसून,
त्या मोगरीशी भांडत धार काढत होत्या.
गुडघ्यांचं त्या बोलल्या नाहीत,
मी विचारलं नाही.

पलीकडच्या खुंट्याला गजरा उभी, आठवा संपत आलेला,
रवंथ करत, कशाचीच घाई नसलेली.
मी तिच्याशेजारी कडब्याच्या पेंडीवर पाय ठेवून बसले.
तिच्या कुशीत काहीतरी हललं.
माझ्याही मांडीत, एकदा.
दोघींनाही कुणी पिळलं नाही.