दुसरा ब्रेक

माझ्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक आहे.
शिकणाऱ्याने तो एकदा बघायचा आणि विसरायचा.
सव्वीस वर्षं झाली पाटण्यात गाडी शिकवतोय,
आता झोपेतही उजवा पाय पलंगाची पट्टी दाबतो
आणि नुझत कूस बदलत विचारते,
आज कोण वाचलं?

बिभादेवी आल्या. वय त्रेपन्न.
कंकडबागच्या पोस्टात काउंटरवर तीस वर्षं.
खिडकीच्या एवढ्याशा अर्धगोलातून
एका वेळी सात हात आत यायचे, म्हणाल्या,
मी हातांकडे बघायचेच नाही. रांगेकडे बघायचे.
रांग नसली तरी.

मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

पहिल्या दिवशी क्लच, गिअर, आरसा.
दुसऱ्या दिवशी, जे पुस्तकात नाही ते.
उजवा इंडिकेटर म्हणजे तो उजवीकडे वळेल,
किंवा तुम्ही त्याला उजवीकडून ओलांडा,
किंवा गेल्या छठपासून तो बंद करायचा राहिलाय.
उलट्या बाजूने येणारा दिवे लावून येतो,
म्हणजे चूक त्याची नाही, त्याने कळवलं होतं.
टेम्पोतून हात बाहेर आला तर वळतोय, थांबतोय,
नाहीतर खैनी मळून झाली, चुना झटकतोय.
त्या सगळं वहीत उतरवून घेत होत्या.
पेन पोस्टातलं. दोरीचा तुकडा अजून लोंबत होता त्याला.

सिग्नलला शेजारच्या पांढऱ्या मोटारीचं दार उघडलं.
कडक इस्त्रीचा माणूस वाकला, थुंकला,
रुमालाने ओठ टिपले
आणि दार इतकं हलकेच लावलं
की आत कुणाचं तरी बाळ निजलं असावं.
दिवा हिरवा झाला तरी बिभादेवी बघतच राहिल्या.
आतून किती स्वच्छ असेल नाही, म्हणाल्या.

नवव्या दिवशी राजेंद्रनगरच्या चौकाअलीकडे
पांढरे पट्टे, धुवून धुवून विटलेल्या लेंग्यासारखे,
आणि कडेला एक म्हातारा, काखेत नवाकोरा झाडू.
बिभादेवी थांबल्या.
नुसत्या हळू झाल्या नाहीत. थांबल्या. हँडब्रेक ओढून.

म्हातारा हलेना.
त्यांनी हात केला, या.
त्याने हात केला, आधी तुम्ही.
पुन्हा या. पुन्हा तुम्ही.
मागे बस, तीन ई-रिक्षा, शाळेची व्हॅन,
सगळ्यांनी एकदम गळा काढला.
माझा पाय ब्रेकवर रुतलेला. कशासाठी कोण जाणे,
गाडी तर उभीच होती.

शेवटी तो आला. पलीकडे नाही, खिडकीपाशी.
काचेवर बोटाने टकटक.
"बंद पडली का, बेटी?"
त्या तोंड उघडेपर्यंत तो मागे वळला होता,
झाडू उंच धरून अख्ख्या रस्त्याला सांगत होता,
बिघडलीय गाडी! डोळे फुटले काय?

आणि हॉर्न थांबले.
शपथेवर सांगतो, थांबले.
बसचा कंडक्टर उतरला, व्हॅनमधली दोन पोरं उतरली,
सत्तूवाल्याने गाडा ओढून वाट केली,
उलटा येणारा एक मोटारसायकलवाला
शरमून आपल्या बाजूला गेला.
बिभादेवींनी माझ्याकडे पाहिलं. इंजिन गुरगुरत होतं.
मी हळूच म्हटलं, न्यूट्रल करा. हँडब्रेक सोडा.
किल्ली फिरवा, बंद.

चौक आम्ही असा पार केला,
चार अनोळखी तळहातांवर, मिरवणुकीसारखा.
एकानेही आडवं घातलं नाही.
सव्वीस वर्षांत इतकं शिस्तीचं शहर मी पाहिलं नव्हतं.

बघा, त्या आरशाकडे बोट दाखवून म्हणाल्या,
रांग.

होती खरी. एकामागे एक, जवळजवळ सरळ.
मग कंडक्टरने हात झटकले, बस सुटली,
रांग फुटली, जो तो जिथून तिथून,
आणि आरशाच्या कोपऱ्यात, त्याच कडेला,
काखेत झाडू घेऊन तो म्हातारा
अजून उभा.